कोलेस्टेरॉलची गोळी आणि पोटाच्या तक्रारी: कारण शोधण्यापासून उपायापर्यंत

कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू झाल्यानंतर पोट बिघडले, की काही जण ती तक्रार महिनोन्‌महिने अंगावर काढतात आणि काही जण डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करून टाकतात. दोन्हींत नुकसान आहे. पण दुसरी गोष्ट अधिक घातक आहे, कारण ज्याला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे अथवा ज्याच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला आहे, त्याला पुढच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या उपायांमध्ये ही गोळी महत्त्वाची असते आणि ती सोडल्याचा परिणाम त्या दिवशी मुळीच जाणवत नाही. पोट मात्र त्याच दिवशी जाणवते. म्हणूनच ही निवड भावनेच्या भरात न करता क्रमाने करावी लागते. तक्रार कोणत्या औषधाची आहे आणि ते औषध पचनसंस्थेत नेमके काय करते, हे कळले तर बहुतेक वेळा घेण्याची वेळ, पद्धत, मात्रा किंवा औषधाचा प्रकार बदलून प्रश्न सुटतो. उपचार कायमचे सोडण्याची वेळ फार थोड्यांवर येते.

सर्वांत आधी: धोक्याची लक्षणे

पुढे दिलेल्या लक्षणांपैकी एकही असेल, तर बाकीच्या पायऱ्या बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे. डोळे किंवा त्वचा पिवळी पडणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे आणि अन्नावरची वासना उडणे ही यकृत किंवा पित्तमार्ग बिघडल्याची चिन्हे असू शकतात. पोटाच्या वरच्या भागात उठून पाठीपर्यंत जाणारी तीव्र वेदना आणि न थांबणाऱ्या उलट्या असतील, तर स्वादुपिंडाला सूज आल्याची शंका घ्यावी लागते. उजव्या बरगडीखाली दुखून ताप आला, तर पित्ताशय तपासावे लागते. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी हा रक्तस्रावाचा इशारा आहे. पोट फुगून शौच आणि वायू दोन्ही अडले असतील आणि उलट्याही होत असतील, तर आतड्यात अडथळा असू शकतो. स्नायू खूप दुखत असतील, हातापायांतली ताकद गेली असेल आणि लघवीचा रंग तपकिरी झाला असेल, तर ही तक्रार पोटाची नसली तरी ती सर्वांत आधी सांगावी, कारण स्नायूंच्या विघटनामुळे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

एक गोष्ट मला विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. या गोळ्या घेणाऱ्यांपैकी अनेकांना हृदयविकार असतो किंवा त्याचा धोका असतो. पोटाच्या वरच्या भागात अचानक दाब किंवा जळजळ सुरू झाली आणि सोबत घाम, धाप, मळमळ किंवा जबड्यात अथवा हातात दुखणे असले, तर ते ‘गोळीमुळे झालेले पित्त’ समजून घरी थांबू नये. हृदयविकाराचा झटका अशा रूपानेही येतो, विशेषतः स्त्रियांमध्ये, मधुमेहींमध्ये आणि वृद्धांमध्ये. अशा वेळी तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

पायरी पहिली: औषधाचे मूळ नाव शोधा

‘कोलेस्टेरॉलची गोळी’ एवढ्या माहितीवर काहीही ठरवता येत नाही. वेष्टनावर कंपनीने दिलेल्या नावाखाली औषधाचे मूळ नाव लहान अक्षरांत छापलेले असते. ते लिहून घ्यावे. अटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिमवास्टॅटिन, प्रावास्टॅटिन अशी ‘स्टॅटिन’ने संपणारी नावे एका गटातली असतात आणि हा गट यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया मंदावतो. इझेटिमाइब लहान आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे कमी करते. कोलेस्टिरामिन, कोलेस्टिपॉल आणि कोलेसेव्हेलाम ही पित्ताम्ले, म्हणजे पित्तातील चरबी पचवणारी आम्ले, बांधून ठेवणारी औषधे रक्तात जातच नाहीत. त्यांचे सारे काम आतड्यातच चालते. फेनोफायब्रेट आणि जेमफायब्रोझिल ही फायब्रेट गटातली औषधे मुख्यतः ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, कमी करण्यासाठी दिली जातात. याशिवाय नायसिन, बेम्पेडोइक ॲसिड, मात्रा ठरवून दिलेली ओमेगा-३ औषधे आणि इव्होलोक्युमॅब, अलिरोक्युमॅब, इन्क्लिसिरान ही इंजेक्शने आहेत.

एकाच गोळीत दोन औषधे असणे आता नेहमीचे झाले आहे. स्टॅटिनसोबत इझेटिमाइब, फेनोफायब्रेट किंवा ॲस्पिरिन एकत्र असू शकते. ॲस्पिरिन पोटात असेल, तर जठराच्या जळजळीचा आळ स्टॅटिनवर घेण्याआधी दोनदा विचार करायला हवा.

पायरी दुसरी: तारखा जुळवून पाहा

एका कागदावर औषध सुरू केल्याची तारीख, मात्रा वाढवल्याची तारीख आणि तक्रार सुरू झाल्याची तारीख लिहावी. त्याखाली दोन आठवडे रोज नोंद ठेवावी: गोळी किती वाजता घेतली, जेवणाआधी की नंतर, शौच किती वेळा व कशी झाली, आणि गॅस, मळमळ किंवा दुखणे शून्य ते दहामध्ये किती होते. औषधाशी संबंधित तक्रार बहुधा सुरुवातीच्या काही आठवड्यांत किंवा मात्रा वाढवल्यावर दिसते. दोन वर्षे निर्धोक चाललेल्या त्याच मात्रेमुळे आज अचानक जुलाब सुरू होण्याची शक्यता कमी असते. तिथे दुसरे कारण आधी शोधावे. औषध सुरू होण्यापूर्वी आपले पोट कसे होते, हेही प्रामाणिकपणे आठवून लिहावे. बद्धकोष्ठतेचा जुना त्रास नव्या गोळीच्या नावावर जमा होताना नेहमी दिसतो.

पायरी तिसरी: शेजारची औषधे तपासा

कोलेस्टेरॉलची गोळी सहसा एकटी येत नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनमुळे जुलाब, मळमळ आणि पोटात मुरडा येणे अगदी सामान्य आहे. मधुमेह आणि वजन यांसाठी दिली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधे मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठता घडवतात. रक्तदाबासाठीचे व्हेरापामिल, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बद्धकोष्ठता वाढवतात, तर मॅग्नेशियम असलेली आम्लनाशके शौच पातळ करतात. वेदनाशामक गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात. प्रतिजैविकांचा एखादा कोर्स नुकताच झाला असेल, तर त्याचीही नोंद हवी. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला नव्याने मळमळ सुरू झाली, तर आधी गर्भधारणेची चाचणी करावी. ती असल्यास स्टॅटिनविषयी डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलणे आवश्यक आहे, कारण बहुतेक स्त्रियांना या काळात ते बंद करायला सांगितले जाते.

‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या पूरक गोळ्याही या यादीत लिहाव्यात. लाल यीस्टने आंबवलेल्या तांदळाच्या गोळ्यांमधील मोनॅकोलिन-के हे रासायनिकदृष्ट्या लोवास्टॅटिनच आहे. अशी गोळी आणि डॉक्टरांनी दिलेले स्टॅटिन एकत्र घेणारी व्यक्ती नकळत दोन स्टॅटिन घेत असते.

पायरी चौथी: आपल्या औषधानुसार बदल करा

स्टॅटिन घेणाऱ्यांनी आधी एक वस्तुस्थिती जाणून घ्यावी. अटोर्वास्टॅटिनच्या अधिकृत माहितीपत्रकात निरनिराळ्या चाचण्यांतील एकत्रित आकडे दिलेले आहेत. औषध घेणाऱ्यांपैकी ६.८ टक्के लोकांना जुलाब झाले, तर औषध नसलेली हुबेहूब दिसणारी गोळी, म्हणजे प्लासिबो, घेणाऱ्यांपैकी ६.३ टक्के लोकांना. अपचनासाठी हे आकडे ४.७ आणि ४.३ टक्के, तर मळमळीसाठी ४.० आणि ३.५ टक्के आहेत. फरक आहे, पण तो लहान आहे. याचा अर्थ असा, की स्टॅटिन घेताना पोट बिघडलेल्या दहा जणांपैकी बहुतेकांचे पोट त्या गोळीशिवायही बिघडलेच असते. ही सरासरी आहे. एखाद्या विशिष्ट व्यक्तीला औषधामुळे खरोखर त्रास होत असणे त्यामुळे अशक्य ठरत नाही, आणि त्या व्यक्तीचे म्हणणे झटकून टाकण्याचा अधिकार या आकड्यांमुळे कोणालाही मिळत नाही.

मळमळ किंवा जळजळ होत असेल, तर गोळी जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यावी आणि नंतर लगेच आडवे होऊ नये. अटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, त्यामुळे ती दिवसातल्या कोणत्याही ठरावीक वेळी, जेवणासोबत किंवा जेवणाशिवाय चालतात. सकाळी त्रास होत असेल तर रात्रीची वेळ करून पाहता येते. सिमवास्टॅटिन लवकर ओसरते, म्हणून ते संध्याकाळी घेतात. साधे लोवास्टॅटिन मात्र संध्याकाळच्या जेवणासोबतच घ्यावे, कारण रिकाम्या पोटी त्याचे शोषण कमी होते. बद्धकोष्ठतेसाठी पाणी, चालणे आणि तंतुमय आहार हळूहळू वाढवणे पुरेसे ठरते. तंतुमय पदार्थ एकदम वाढवले तर गॅसच वाढतो आणि पुन्हा दोष गोळीला जातो.

पोटासाठी घेतलेले औषध कोलेस्टेरॉलच्या औषधाशी कसे वागते, हा भाग मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेले आम्लनाशक रोसुवास्टॅटिनसोबत घेतले, तर रक्तातील रोसुवास्टॅटिन सुमारे निम्म्यावर येते. म्हणून गोळीनंतर किमान दोन तासांनी आम्लनाशक घ्यावे. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूसाठी दिल्या जाणाऱ्या औषधांत क्लॅरिथ्रोमायसिन बऱ्याचदा असते. ते सिमवास्टॅटिन किंवा लोवास्टॅटिनसोबत घेणे निषिद्ध आहे आणि अटोर्वास्टॅटिनच्या बाबतीतही मात्रेवर मर्यादा येते, कारण रक्तातील स्टॅटिन वाढून स्नायूंचे विघटन होण्याचा धोका असतो. पोटाच्या तज्ज्ञांकडे जाताना कोलेस्टेरॉलच्या गोळीचे वेष्टन सोबत न्यावे, ते याचसाठी.

इझेटिमाइबमुळे जुलाब, गॅस किंवा पोटदुखी होऊ शकते, पण येथेही फरक थोडाच आहे: जुलाबांचे प्रमाण औषधासोबत ४.१ आणि प्लासिबोसोबत ३.७ टक्के नोंदले गेले आहे. १० मिलिग्रॅमची ही गोळी दिवसातून एकदा, जेवणाशी कोणताही संबंध न ठेवता घेता येते.

पित्ताम्ले बांधणाऱ्या औषधांची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे, कारण त्यांचे पोटावरील परिणाम खरे, वारंवार दिसणारे आणि त्यांच्या कार्यपद्धतीतूनच येणारे आहेत. पित्ताम्ले मोठ्या आतड्यात पाणी आणि हालचाल वाढवतात. हे औषध त्यांना अडकवून शौचावाटे बाहेर नेते, त्यामुळे शौच घट्ट होते, पोट फुगते आणि मूळव्याध असेल तर ती उसळते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षी कोलेस्टिरामिन घेणाऱ्या ६८ टक्के पुरुषांना पचनाची किमान एक तक्रार होती, तर प्लासिबो गटातील ४३ टक्के पुरुषांना. सातव्या वर्षापर्यंत हे प्रमाण २९ आणि २६ टक्क्यांवर आले होते. पहिल्या काही महिन्यांत नीट काळजी घेतली तर पुढचा मार्ग सुकर होतो, असा याचा सरळ अर्थ मी घेतो.

ती काळजी अशी: कोलेस्टिरामिनची सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्याने लहान मात्रेने करावी आणि ती आठवड्यांच्या अंतराने वाढवावी. पूड कधीही कोरडी तोंडात टाकू नये, कारण ती घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकते. ६० ते १८० मिलिलिटर पाण्यात किंवा पातळ द्रवात ती नीट मिसळून लगेच प्यावी. घोट घोट करत तोंडात धरून ठेवल्यास दातांना इजा होते. दिवसभर पाणी वाढवावे आणि बद्धकोष्ठता झालीच तर इसबगोलसारखा विरघळणारा तंतू घ्यावा किंवा डॉक्टरांना मात्रा कमी करायला सांगावे. तीन-चार दिवस शौच झाली नाही तर वाट पाहत बसू नये. हे औषध पोटातली इतर औषधेही बांधून ठेवते, म्हणून कोलेस्टिरामिन घेणाऱ्यांनी इतर गोळ्या त्याच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्याव्यात; थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन आणि हृदयासाठीचे डिगॉक्सिन यांच्याबाबत हे अंतर विशेष काटेकोरपणे पाळावे. इझेटिमाइब सोबत असेल तर ते किमान दोन तास आधी किंवा चार तास नंतर घ्यावे. दीर्घकाळ वापरल्यास अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे कमी पडू शकतात. आतड्यात अडथळा असलेल्या किंवा ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या रुग्णांना ही औषधे देत नाहीत. कोलेसेव्हेलामसाठी ही मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर अशी आहे.

याच गुणधर्माचा उलट उपयोगही होतो. पित्ताशय काढल्यानंतर काहींना पित्ताम्लांमुळे सतत जुलाब होतात आणि त्यावर डॉक्टर हीच औषधे देतात. ज्याचे पोट मुळातच पातळ आहे आणि ज्याला स्टॅटिनच्या जोडीला दुसरे औषध हवे आहे, त्याच्यासाठी हा ‘दुष्परिणाम’ सोयीचा ठरू शकतो. तपासणीच्या वेळी हे डॉक्टरांपुढे मांडायला हरकत नाही.

फायब्रेटांमुळे अपचन आणि पोटदुखी ठळकपणे दिसते. १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या हेलसिंकी येथील अभ्यासात जेमफायब्रोझिल घेणाऱ्या १९.६ टक्के पुरुषांना अपचन झाले, तर प्लासिबो घेणाऱ्या ११.९ टक्के पुरुषांना. जेमफायब्रोझिल सकाळ-संध्याकाळच्या जेवणापूर्वी ३० मिनिटे घ्यायचे असते. फेनोफायब्रेटच्या काही गोळ्या जेवणासोबतच घ्याव्या लागतात आणि काहींना ते बंधन नसते, म्हणून आपल्या वेष्टनावरील सूचना वाचावी. या गटामुळे पित्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढून पित्ताशयात खडे होऊ शकतात. त्यामुळे जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार दुखत असेल तर आम्लनाशकांवर भागवू नये, सोनोग्राफी करून घ्यावी. बेम्पेडोइक ॲसिडच्या २०२३ मधील मोठ्या चाचणीतही पित्ताशयातील खड्यांचे प्रमाण २.२ टक्के आणि प्लासिबो गटात १.२ टक्के आढळले, तेव्हा हीच दक्षता तिथेही घ्यावी.

नायसिनमुळे चेहरा लाल होऊन जळजळतो, मळमळ होते आणि जठरातला जुना व्रण पुन्हा उठू शकतो. सक्रिय व्रण किंवा यकृताचा सक्रिय आजार असताना ते देत नाहीत. आता त्याचा वापर फारच कमी झाला आहे. ओमेगा-३ औषधांमुळे माशांच्या वासाचे ढेकर येतात, ते जेवणासोबत घेतल्यास कमी होतात. इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या औषधांचा पचनावर परिणाम सहसा किरकोळच असतो.

पायरी पाचवी: ठरवून थांबा, ठरवूनच पुन्हा सुरू करा

वरील बदल करून दोन ते चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांच्या संमतीने औषध थोडे दिवस थांबवून तक्रार जाते का ते पाहता येते. हा काळ साधारण दोन ते चार आठवड्यांचा असतो. ज्यांना नुकताच झटका आला आहे किंवा स्टेंट बसला आहे, त्यांच्या बाबतीत डॉक्टर असे थांबणे टाळतात आणि थेट दुसरे औषध देतात. थांबल्यावर तक्रार तशीच राहिली, तर गोळी निर्दोष आहे असे मानून दुसरे कारण शोधावे. तक्रार गेली, तरी निकाल अर्धाच लागलेला असतो. पुन्हा सुरू केल्यावर ती परत येते का, हे पाहिल्याशिवाय संबंध सिद्ध होत नाही, कारण पोटाच्या पुष्कळ तक्रारी आपोआपही जातात.

पुन्हा सुरू करून पाहण्याला मी एवढे महत्त्व का देतो, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सॅमसन नावाच्या अभ्यासातून कळेल. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना लंडनमधील इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी वर्षभर काही महिने २० मिलिग्रॅम अटोर्वास्टॅटिन, काही महिने प्लासिबो आणि काही महिने रिकाम्या बाटल्या दिल्या. त्रासाची सरासरी गुणसंख्या गोळी नसताना ८, प्लासिबोसोबत १५.४ आणि स्टॅटिनसोबत १६.३ होती. म्हणजे गोळी घेतल्यावर होणाऱ्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनेही झाला. हा त्रास खराच होता. तो घडवणारी गोष्ट मात्र बहुतांशी स्टॅटिनचा रेणू नव्हती. स्वतःचे आकडे पाहिल्यानंतर त्यांतील निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले. त्या अभ्यासात सर्वच प्रकारची लक्षणे मोजली होती, केवळ पोटाची नव्हे. तरीही आपली रोजची नोंद किती मोलाची ठरू शकते, हे त्यातून दिसते.

पायरी सहावी: औषधामुळेच आहे असे ठरले, तर

डॉक्टरांशी बोलताना ‘मला स्टॅटिन चालत नाही’ असे न म्हणता ‘या स्टॅटिनच्या या मात्रेने मला इतक्या आठवड्यांत हा त्रास झाला, थांबवल्यावर गेला आणि पुन्हा सुरू केल्यावर परत आला’ असे सांगावे. पहिल्या वाक्याने सगळा गट बाद होतो, दुसऱ्याने फक्त एक गोळी.

मात्रा निम्मी करणे हा पहिला पर्याय आहे. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साधारण सहा टक्केच आणखी उतरते, त्यामुळे मात्रा निम्मी केल्याने गमावलेला लाभही तेवढ्याच प्रमाणात असतो. ही तूट इझेटिमाइब जोडून भरून निघू शकते, कारण ते स्टॅटिनच्या जोडीला एलडीएल सुमारे २० टक्क्यांनी आणखी खाली आणते. दुसरा पर्याय म्हणजे वेगळे स्टॅटिन. एका स्टॅटिनने पोट बिघडले म्हणजे दुसऱ्यानेही बिघडेलच असे नाही. रोसुवास्टॅटिनसारखे दीर्घकाळ टिकणारे औषध काहींना एक दिवसाआड दिले जाते. हे सारे जमले नाही तर इझेटिमाइब, बेम्पेडोइक ॲसिड आणि इंजेक्शने यांचा विचार होतो. स्टॅटिन सहन न होणाऱ्यांसमोर आज जेवढे पर्याय आहेत, तेवढे पूर्वी कधीच नव्हते.

तपासण्यांविषयी

कोणताही बदल केल्यानंतर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड तपासणी (रक्तातील कोलेस्टेरॉल व चरबीची तपासणी) पुन्हा करावी, नाहीतर पोट बरे झाले पण एलडीएल पुन्हा चढले, हे कळणारच नाही. यकृताची तपासणी स्टॅटिन सुरू करण्यापूर्वी एकदा करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये ठरावीक अंतराने ती करत राहण्याची अट काढून टाकली आणि लक्षणे दिसल्यास तपासावे असे सुचवले; सतत मळमळ, थकवा किंवा उजव्या बाजूला दुखणे असेल तर ती अवश्य मागावी. यकृतातील विकर (एन्झाइम) सामान्य मर्यादेच्या तिपटीपेक्षा कमी वाढलेले असेल आणि कावीळ नसेल, तर बहुधा औषध चालू ठेवून पुन्हा तपासणी केली जाते. यकृतावर चरबी असणे हे स्टॅटिन नाकारण्याचे कारण नाही.

जुलाब किंवा उलट्या जोरदार असतील आणि पाणीही पोटात टिकत नसेल, तर शरीरातले पाणी घटून मूत्रपिंडांवर ताण येतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून स्टॅटिन, मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांपैकी कोणत्या तात्पुरत्या थांबवायच्या आणि त्या पुन्हा नेमक्या कोणत्या दिवशी सुरू करायच्या, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत.